सात दहा

महिन्याला दोनशे साठ पौंड.
पहिल्या तारखेला वहीत आकडा लिहिते,
त्याखाली पट्टी लावून रेघ मारते,
रेघ सरळ आली की महिनाही सरळ जाईल म्हणून.

कणीक दहा किलो.
निरंजनने पोतं खांद्यावरून आणलं, बसचे पैसे वाचले,
मग पाठ धरली,
आणि बामाचे तीन पौंड वीस 'किरकोळ'मध्ये गेले.
आमच्या घरात खरी खाबूगिरी
ह्या एका शब्दाची.

पहिला आठवडा श्रीमंत असतो,
पोह्यांवर कोथिंबीर उधळायची, काजू सापडायचे.
तिसऱ्यात मी डबे हलवून बघते.
कानाशी धरला की डबा खरं बोलतो.
चौथ्यात खिचडी.
सोमवारी मुगाची,
मंगळवारी तीच, पण कढीबरोबर,
बुधवारी ओवी ताटाकडे बघत विचारते,
आज हिचं नाव काय?

स्विंडनमध्ये फेब्रुवारीत पाचलाच अंधार पडतो.
सात दहाला सुपरमार्केटमधला ग्रॅहम येतो,
लेबलांचं यंत्र कमरेला, फौजदारासारखा.
आम्ही सहासात जण दह्याच्या कपाटापुढे उभे,
दह्यावरचा मजकूर
आयुष्यात पहिल्यांदा वाचत असल्यासारखे.
कुणी कुणाकडे बघायचं नाही.
रांग नसते, तरी असते,
आधी कोण आलं, प्रत्येकाला पाठ असतं.

टक्. टक्. पिवळं लेबल.
सव्वादोनचं पनीर पंचावन्न पेन्सला.
एकच पाकीट.
माझा हात पडला तेव्हाच दुसराही पडला,
आणि तो हात मी ओळखते,
त्या पाटल्या, ती पोवळ्याची अंगठी,
मंडळाच्या दिवाळीला समई लावणारा.

"अगंबाई, तू इकडे कुठे?"
"सहजच."
"मीही सहजच. दूध संपलं म्हणून."
करंदीकर बाईंच्या टोपलीत दूध सोडून सगळं होतं.
दोन पाव, मऊ पडलेली काकडी,
आजच्या आज संपवायचा पालक,
सगळं पिवळं,
हळदीकुंकवाला निघाल्यासारखं.

मग थंडी कशी लांबलीये यावर बोललो.
हीटिंगच्या बिलावर नाही बोललो.
पनीर दोघींच्या बोटांत.
"तू घे, पोरीला आवडतं."
"नाही हो, तुम्ही घ्या, पाहुणे असतील."
"माझ्याकडे कसले पाहुणे! घे म्हणते ना."
पंगतीतला आग्रह,
चौथ्या जिलबीचा,
पंचावन्न पेन्सांवर पुरता रंगात आला,
आणि एक म्हातारबुवा "सॉरी, लव्ह" म्हणत
मधूनच पाकीट घेऊन गेले.

आधी त्या हसल्या.
मग मी. मग दोघींना थांबवेना,
त्यांनी पदर नसलेल्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले,
ग्रॅहमही जरा गोंधळला.

बाहेर ट्रॉल्यांपाशी त्यांनी विचारलं,
"किती ठरवतेस गं महिन्याला?"
एवढ्या वर्षांत
कुणी मला पगार विचारलाय, वजन विचारलंय,
हे कुणी नाही.
"दोनशे साठ."
"माझे दोनशे दहा," त्या म्हणाल्या,
खरं वय सांगावं तशा.
"ह्यांचं काम सुटल्यापासून."
बराच वेळ पिशवीच्या बंदाची गाठ सोडत राहिल्या,
जी मुळात बसलेली नव्हती.
"गुरुवारी तो साडेसहालाच येतो, बरं का.
कुणाला सांगू नकोस."
यातलं नक्की काय सांगायचं नाही
ते मी विचारलं नाही.

घरी येऊन लिहिलं:
पाव, तीस पेन्स.
पनीरसाठी सोडलेली जागा मोकळीच ठेवली.
आठवडा काढायचाय, हातात अकरा पौंड चाळीस,
मोहरीचा डबा वाजतोय, मिठाचा नाही.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
ओवीने चमचा उचलला.
"आज हिचं नाव काय?"
मी वरून चमचाभर तूप सोडलं,
चौथ्या आठवड्यात न शोभणारं,
आणि म्हणाले,
वैजयंती.